दिवा कोणाचा, तेल कोणाचं?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या रात्री केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलले तसाच ठेवला आहे, फक्त थोडा नीटनेटका केला आहे.)





आज मी उभा आहे तो कीर्तनाला नाही. मंडळाच्या लोकांनी सांगितलं, "महाराज, निरूपण तुम्ही दरवर्षी करताच. यंदा शंभर वर्षं झाली, शंभर वर्षांत काय बदललं त्यावर बोला." मी चौथी शिकलेला माणूस. इतिहास लिहिणारे दुसरे आहेत. पण दोन-चार दिवस ओलित करता करता विचार केला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. शंभर वर्षांत आपला देव बदलला नाही, वाट बदलली नाही, वीणा बदलली नाही. दिवा मात्र पाच-सहा वेळा बदलला. म्हणून आज दिव्यावर बोलतो. घरातल्या दिव्यावर नाही. हातात धरून चालता येतो, वावरात नेता येतो, वाटेत उतरून ठेवता येतो, त्या दिव्यावर.

आपल्या संप्रदायात दिवा काही परका नाही. ज्ञानेश्वरीचं खरं नाव काय? भावार्थदीपिका. म्हणजे ग्रंथाचं नावच दिवा आहे. शके १२१२ मध्ये नेवाशाला माउलींनी तो सांगितला. गीता संस्कृतात होती, ती ज्यांना वाचता येत होती त्यांच्याच घरात तिचा उजेड होता. माउलींनी तो उजेड मराठीत आणला, म्हणजे बाईमाणसाला, कुणब्याला, गुराख्याला उचलून नेता येईल असा केला. अंधारात असलेल्याला दिवा द्यायचा तर तो त्याच्या हाताला पेलला पाहिजे, हे माउलींनी दाखवलं. मी जे पुढं सांगणार आहे, त्याचं मूळ इथं आहे.

आता आपल्या दिंडीचे दिवे बघू. जुने लोक सांगायचे की पहिल्या वाऱ्यांना पलिते होते. काठीला चिंधी गुंडाळायची, तेलात भिजवायची, पेटवायची. देवळातला काकडा तोच, फक्त लहान. मग आली चिमणी. चिमणी म्हणजे काय, पत्र्याचा डबा नाहीतर शिशी, झाकणाला भोक, त्यात सुताची वात, आत रॉकेल. पैसा कमी लागे, पण धूर असा की सकाळी नाक शिंकरलं तर काळं निघे. आमची आजी चुलीपाशी चिमणी ठेवून भाकरी थापायची, तिच्या मागची भिंत कोळशासारखी काळी होती. आणि चिमणी लवंडली की झालं. रॉकेल पातळ, पसरतं आणि पेटतं. आपल्या भागात चिमणीनं भाजलेली माणसं प्रत्येक गावात होती, त्यांची नावं तुम्हालाही आठवत असतील.

मग कंदील आला. कंदिलाची गंमत मला फार उशिरा कळली. त्याच्या दोन बाजूंना ज्या नळ्या असतात, त्या नुसत्या धरायला नाहीत. त्यांतून हवा खाली बर्नरपाशी जाते. म्हणून वारा बाहेर कितीही सुटो, आतली ज्योत हलत नाही. खांद्यावर पताका आणि हातात कंदील, अशी दिंडी चालली आहे. कीर्तनाला मात्र गॅसबत्ती. तिची पातळ जाळी, तो पंप, तो सूं सूं आवाज. गॅसबत्ती पेटवणारा माणूस म्हणजे गावात मोठा मान. त्यानंतर सेलची बॅटरी, आणि आता हे उन्हावर चालणारे दिवे.

हे सगळे दिवे बाहेरून आले. पलित्याचं तेल तेवढं गावचं होतं. इथून मला खरी गोष्ट सांगायची आहे, आणि ती आपल्या वर्ध्याचीच आहे. काशी-प्रयागची नाही. इथून एस.टी.नं तासाभरात जाता येईल अशा जागेची आहे.

वर्ध्यात मगनवाडी आहे, ठाऊक आहे ना? जमनालाल बजाजांनी तिथली आपली बाग आणि घर गांधीजींच्या कामाला दिलं. मगनलाल गांधी म्हणून गांधीजींचे पुतणे होते, साबरमतीचा आश्रम सांभाळणारे, चरख्याचं शास्त्र जाणणारे. ते १९२८ मध्ये वारले. त्यांच्या नावानं ती मगनवाडी. डिसेंबर १९३४ मध्ये तिथं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, १९३६ मध्ये जाण्याआधी गांधीजी मगनवाडीतच राहत होते. संघाचे अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू आणि चिटणीस जे. सी. कुमारप्पा. कुमारप्पा तमिळ मुलखातले, ख्रिस्ती, लंडनला हिशेब तपासणीचं शिकलेले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब बघणारा हा माणूस वर्ध्याला येऊन घाणीचा, चुलीचा आणि दिव्याचा हिशेब बघत बसला.

तिथं त्या लोकांनी काय काय केलं? झवेरभाई पटेलांनी तेलाची घाणी सुधारली, बैलाला कमी त्रास आणि तेल जास्त. धूर बाहेर नेणारी मगनचूल केली. आणि त्यातच एक मगनदीप केला. मगनदीप म्हणजे हातात धरून नेता येणारा कंदील, पण रॉकेलावर जळणारा नाही. गावच्या घाणीच्या तेलावर जळणारा.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? कंदिलात रॉकेलाच्या जागी तेल ओतलं की झालं. करून बघा घरी. थोडा वेळ बरा जळतो, मग वात काजळते, ज्योत बसते, आणि विझतो. कारण सांगतो. रॉकेल पातळ आहे, ते वातीतून वीतभर वर चढतं. जवसाचं, करडईचं, करंजाचं तेल दाट आहे, ते दोन बोटं चढता चढता दमतं. पणतीत ते जळतं, कारण तिथं तेल आणि ज्योत शेजारी-शेजारी असतात. पण पणती वाऱ्यात नेता येत नाही. म्हणजे पेच असा, की तेल ज्योतीच्या जवळ पाहिजे, वात सैल आणि जाड पाहिजे, ज्योतीला काच पाहिजे, काचेत हवा खालून ओढली गेली पाहिजे, आणि एवढं असून दिवा हातात धरून चालताना तेल सांडायला नको. पणतीचं तेल आणि कंदिलाची चाल, दोन्ही एकत्र. साध्या दिसणाऱ्या वस्तूला असं डोकं लागतं.

हा पेच जगात फार जुना आहे. रॉकेल यायच्या आधी युरोपातही बियांच्या तेलाचेच दिवे होते. १७८० च्या सुमाराला अर्गां नावाच्या स्विस माणसानं गोल पोकळ वात आणि वर काचेची नळी, असा दिवा केला. त्या नळीनं हवा ओढली जाते आणि ज्योत पांढरी होते. पुढं १८०० मध्ये फ्रान्सच्या कार्सेलनं घड्याळासारखी चावी देऊन तेल वर चढवणारा दिवा केला. म्हणजे दाट तेल वर चढेना, म्हणून त्यांना खाली पंप बसवावा लागला. तो दिवा श्रीमंताच्या दिवाणखान्यात शोभला. तो गड्याच्या हातात येणारा नव्हता. नंतर १८५३ च्या सुमाराला रॉकेलाचा दिवा निघाला आणि जगानं तेलाचा विचार सोडून दिला. वर्ध्याच्या लोकांनी तो सोडलेला विचार पुन्हा धरला.

काहून धरला? कुमारप्पांचा हिशेब ऐका, माझ्या शब्दांत. समजा शंभर घरांचं गाव आहे. घरामागं महिन्याला दोन लिटर रॉकेल लागतं. म्हणजे वर्षाला २४०० लिटर. हे रॉकेल गावात पिकत नाही, बर्मातून नाहीतर त्याहून दूरच्या मुलखातून येणार, कंपनीच्या डब्यातून येणार. एवढ्या रॉकेलाचा पैसा दरवर्षी गावाबाहेर जातो आणि परत येत नाही. तेच तेल गावच्या तेल्यानं काढलं तर? तेल्याला काम, बैलाला पेंड, कुणब्याच्या जवसाला गिऱ्हाईक, आणि तेल्याच्या हातात आलेला पैसा सुताराकडं, लोहाराकडं, कोष्ट्याकडं जाणार. म्हणजे एक दिवा जळतो तो गावातल्या पाच घरांत चूल पेटवतो. दुसरा दिवा जळतो तो गावाचं तूप खातो. उजेड दोन्हींचा सारखाच दिसतो, हे त्यातलं अवघड.

पुढं युद्ध आलं. १९४२ मध्ये बर्मा जपानच्या हातात गेला. तिकडचं तेल थांबलं, आणि खेड्यापाड्यात रॉकेलासाठी रांगा लागल्या. म्हातारे सांगायचे, दोन शिशा रॉकेलासाठी दिवस जायचा. ज्यांचा दिवा दुसऱ्याच्या तेलावर, त्यांच्या घरात अंधार. ज्यांच्याकडं घाणीचं तेल, त्यांच्या देवापुढं तरी वात होती. मगनवाडीतल्या लोकांना हे आधी दिसलं होतं.

मग मगनदीप घरोघरी का नाही गेला? सरळ बोलतो. रॉकेल पुन्हा मिळू लागलं, ते ओतणं सोपं, उजेड जास्त. पुढं वीज आली. आणि आज तर जवसाचं तेल जाळायला कोणाला परवडणार आहे? खायच्या तेलाचा भाव तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी तुम्हाला म्हणत नाही की दिंडीत पुन्हा तेलाचे कंदील आणा. मी म्हणतो, त्या दिव्यामागचा प्रश्न आणा. दिवा कोणाचा, तेल कोणाचं, आणि बिघडला तर हात कोणाचा?

या प्रश्नाची कसोटीसुद्धा आपल्याकडं आधीच लिहून ठेवली आहे. १९२९ मध्ये चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या काळचे एक लाख! पण अटी बघा. चरखा हलका पाहिजे, सहज उचलून नेता आला पाहिजे. खेड्यातल्या झोपडीत बाईला आठ तास न थकता चालवता आला पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या आत. वीस वर्षं टिकला पाहिजे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या शंभरात पाचाहून वर जाता कामा नये. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण मला त्या अटीच मोठ्या वाटतात. शोध लावणाऱ्याला त्यांनी आधी विचारलं, की ज्या बाईच्या हातात हे जाणार, तिचं काय? तुम्ही दिव्याला या अटी लावून बघा. किती दिवे उतरतील?

आपल्या वाटेवरचं दुसरं उदाहरण देतो. आपल्यातले काही जण माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून चालले आहेत. त्यांना फलटणचा मुक्काम ठाऊक आहे. त्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथं अनिल राजवंशी म्हणून अमेरिकेत शिकलेले इंजिनिअर १९८१ मध्ये येऊन राहिले. त्यांनी गॅसबत्ती हातात घेतली आणि सुधारून 'नूरी' नावाची बत्ती केली. उजेड शंभर वॅटच्या बल्बाच्या जवळपास, आणि तिच्यावर सैंपाकही करता येतो. ती रॉकेलावर चालते, आणि अल्कोहोलवरही. ते अल्कोहोल कशाचं? गोड ज्वारीच्या ताटाच्या रसाचं. म्हणजे कणीस खायला आणि ताट दिव्याला. पुन्हा तोच प्रश्न, की तेल कुणब्याच्या वावरातून येईल काय? वर्धा काय आणि फलटण काय, विचार करणारी माणसं एकाच जागी येऊन पोचतात.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, ही जुनी कहाणी झाली. गावात वीज आहे, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यात बॅटरी आहे. दिव्याची गरज कोणाला?

मी सांगतो कोणाला. मोटारपंपाची लाइन रात्रपाळीत येते तेव्हा गव्हाला, चण्याला पाणी द्यायला रात्री एक-दोनला वावरात जावं लागतं. आपल्या सेलू तालुक्याच्या कडेला बोरचं जंगल आहे, २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. वाघ कागदावर नाही, धुऱ्यावर दिसतो. बांधावर मण्यार असते, ती तर अंधारात दोरीसारखीच दिसते. त्या माणसाच्या हातातला दिवा मधेच गेला तर त्याची बायको रात्रभर दारात बसते. दुसरं सांगतो. दिंडीत पहाटे तीनला बाया उठतात. मुक्कामाला सोय असते नसते. त्यांना रस्ता ओलांडून अंधारात जावं लागतं, रस्त्यावर ट्रक धावत असतात. मागच्या वर्षी एक म्हातारी माय मला म्हणाली, "बाप्पा, मले पाय नाही दुखत, मले अंधार दुखते." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ज्या गावात तार आली तिथं अंधार संपला असं नाही. तारेच्या बाहेर जिथं माणूस पाऊल टाकतो, तिथं त्याला हातातला दिवाच लागतो.

आणि तो मिळतो कसा? काही वर्षांमागं एका दात्यानं आपल्या दिंडीला उन्हावर चालणारे पंचवीस दिवे दिले. देणाऱ्याचं मन चांगलं, त्याला माझा नमस्कार. पहिली वारी झकास झाली. दुसऱ्या वारीला निम्मे मंद, तिसऱ्या वारीला एकही लागेना. उघडून बघावं तर स्क्रू नाही, डिंकासारखं काहीतरी लावून कायमचे बंद केलेले. दुकानात नेले तर दुकानदार म्हणाला, "हे उघडत नाहीत, नवीन घ्या." पंचवीस दिवे पोत्यात घालून देवळाच्या माळ्यावर पडले.

मग आपल्याच टाळकऱ्यांतल्या एका पोट्ट्यानं, दहावी नापास आहे पण हात चांगला आहे, सुरी तापवून एक दिवा कापला. आत बघितलं तर वरचं पॅनल धड, बारीक पांढरे दिवे धड, फक्त आतला सेल मेलेला. दुसरा सेल आणून डाग दिला, दिवा लागला. पंचवीसपैकी एकोणीस दिवे त्यानं उठवले. माउली, तो दिवा मेला नव्हता, त्याला जिवंत ठेवायचा रस्ताच कोणी ठेवला नव्हता. शहाण्या माणसानं केलेली वस्तू एका नापास पोरानं सुधारली, याचा मला आनंद आहे. पण त्याला सुरी तापवावी लागली, याचं मला दुःख आहे.

हे वेगळं होऊ शकतं, आणि झालंही आहे. मुंबईच्या आय.आय.टी.नं २०१४ मध्ये दहा लाख सौर दिव्यांचं काम काढलं. शाळेच्या मुलांच्या अभ्यासाचा दिवा, मुलाला १२० रुपयांत. त्यात मला आवडलं ते हे, की दिवे कारखान्यातून तयार होऊन आले नाहीत. सुटे भाग आले, आणि गावातल्याच माणसांनी शिकून ते जोडले, विकले आणि दुरुस्त केले. आपल्याच जिल्ह्यात देवळी तालुक्यात कवठा झोपडी गाव आहे. तिथल्या बायांनी सहकारी संस्था करून सौर पॅनलचा कारखाना काढला. काल चुलीपाशी चिमणीचा धूर खाल्लेल्या बाईची नात आज उन्हाचा दिवा बनवते. कुमारप्पा असते तर त्यांनी हिशेबाची वही उघडून त्यांचं नाव पहिल्या पानावर लिहिलं असतं. दत्तपूरला देवेंद्रकुमारजींनी १९७६ मध्ये काढलेलं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. मगनवाडीतही ग्रामीण उद्योगाची संस्था आजही आहे. विचारायला जायचं तर दूर जावं लागत नाही.

ऊन तर कोणाच्याच मालकीचं नाही. बर्माचं नाही, कंपनीचं नाही. मगनदीपाच्या लोकांना जे तेल गावात पाहिजे होतं, ते आता रोज सकाळी आपोआप गावात उतरतं. आमच्या वर्ध्याच्या उन्हाची तर कोणाला कमी नाही, मे महिन्यात म्हणाल तेवढं घ्या! तेलाचा प्रश्न सुटला असं समजा. आता राहिला हाताचा प्रश्न. सेल कोण बदलणार, डाग कोण देणार. तो हात गावात नसेल तर उन्हाचा दिवासुद्धा रॉकेलाच्या दिव्यासारखाच परका.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं मी मंडळापुढं चार गोष्टी ठेवतो. मान्य असतील तर उद्याच्या काल्यात हात वर करा.

पहिली. यापुढं दिंडीसाठी जो दिवा येईल, विकतचा असो की दानाचा, तो स्क्रूनं उघडणारा असला पाहिजे आणि त्याचा सेल इथल्या बाजारात मिळाला पाहिजे. दात्याला हात जोडून हे सांगायचं. दान घेणाऱ्यानं अट घालू नये म्हणतात, पण वापरणार आपल्या माया आहेत.

दुसरी. दोन पोट्टे आणि दोन पोरी दिव्याच्या कामाला शिकवायच्या. खर्च दिंडीच्या भिशीतून. विणेकऱ्याला जसा मान, तसा त्यांना मान. गॅसबत्तीवाल्याला एके काळी होताच ना?

तिसरी. दिवा आधी बायांच्या राहुटीत जाईल, मग चोपदाराला, मग आपल्याला. भाषण देणाऱ्या महाराजांचा नंबर शेवटी.

चौथी. वारी संपली की दिवे माळ्यावर जाणार नाहीत. आषाढीनंतर रब्बीच्या ओलितासाठी ते पाळीपाळीनं शेतकऱ्यांना द्यायचे, नोंद वहीत ठेवायची, आणि पुढच्या वारीआधी परत घ्यायचे. दिवा वापरात राहिला तर सेलही जगतो आणि हातही शिकतो.

विण्यापुढचा नंदादीप मात्र तेलाचाच ठेवा. त्याच्यासाठी धुऱ्यावर करंज लावा. बी गोळा करायला लेकरं आहेत, तेल काढून आणायला आपण आहोत. त्या एका वातीत मगनवाडीची आठवण राहील.

घोराडला केजाजी महाराजांच्या देवळात जाता ना आपण? बोर नदीच्या काठावरचं ते आपल्या भागाचं पंढरपूर. तिथं रात्री दर्शनाला जाताना पुढचा माणूस दिवा खाली धरतो. स्वतःच्या तोंडापुढं धरत नाही, मागच्याच्या पायाशी उजेड पडेल असा धरतो. कोणी शिकवलेलं नाही, चालून चालून आलेलं आहे. ज्यांनी मगनदीप केला, नूरी केली, कवठ्याला पॅनल जोडले, त्यांनी दिवा असाच खाली धरला. आपणही तसाच धरू.

बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. उद्या काल्याला सगळ्यांनी या, आणि ते माळ्यावरचे उरलेले सहा दिवे येताना खाली आणा. पोट्टा सेल घेऊन येणार आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्रीज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय!